सॅम्पल फ्लॅटमधले रविवार

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणे केले, पण त्यांतला सगळ्यात ऐटदार मूर्खपणा म्हणजे मी एकदा सॅम्पल फ्लॅट विकत घेतला. सॅम्पल फ्लॅटसारखा दुसरा नव्हे, तोच. बिल्डरनं गिऱ्हाइकांना दाखवायला पडद्याबिडद्यांसकट सजवून ठेवलेला. शहाणी माणसं तो बघतात, हरखतात, आणि वरच्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट बुक करून घरी जातात. मी म्हटलं, मला हाच पाहिजे.

नात सध्या मोबाइलवर घरं बघतेय. परवा तिनं फोटो दाखवला. एक खोली, पांढरीशुभ्र गादी, कोपऱ्यात कुंडी, भिंतभर आरसा. "आजी, स्टुडिओ अपार्टमेंट. किती स्टायलिश आहे ना?" मी चष्मा लावला आणि आधी पलंगाची लांबी बघितली.

"ह्याच्यावर तुझ्या नवऱ्याला झोपवून बघितलंस का?"

"आजी, काहीही काय!"

"झोपवून बघ. पाय बाहेर आले तर घेऊ नकोस."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी चावटपणा करतेय. तेही होतंच थोडं. पण बाकीचं तिला माहीत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भाईंदरला नवघरच्या बाजूला इमारती उगवायला लागल्या होत्या. गावातली कौलारू घरं, भाताची खाचरं, म्हशी बसलेलं डबकं, आणि मधेच चार मजल्यांचा सांगाडा. रस्ता म्हणजे दगडमाती. पलीकडे मिठागरं, त्यांच्याही पलीकडे खाडी. मुंबईतल्या चाळींतून निघालेली आमच्यासारखी माणसं रविवारी रिक्षा करून बिल्डिंगा बघत हिंडायची, मुलगी बघायला गेल्यासारखी. चांगले कपडे घालून, चहा पिऊन, काही न ठरवता परत.

आमच्या ह्यांच्या ऑफिसात रोज नवी गोष्ट निघायची. कुणाला बिल्डरनं कागदावर खिडकी दाखवली आणि ताबा देताना तिथे भिंत. कुणाची इमारत जोत्यावरच थांबलेली, आत बेडूक. हे घरी येऊन सांगायचे आणि मी एकेका गोष्टीनं हुशार होत जायची. मी ठरवलं, आपण फसायचं नाही. कागदावरचं घ्यायचंच नाही. जे डोळ्यांना दिसतंय, हाताला लागतंय, तेच घ्यायचं. आता डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा फ्लॅट त्या अख्ख्या बिल्डिंगीत एकच होता.

तो पहिल्या मजल्यावर होता. दारावर सोनेरी अक्षरांत 'स्टुडिओ'. आत एकच खोली, तिच्याच एका अंगाला ओटा आणि एका अंगाला न्हाणीघर. परळला चाळीत आमची एकच खोली होती, पण तिला कुणी कधी स्टुडिओ म्हटलं नव्हतं. इथे एका भिंतीला वरपासून खालपर्यंत आरसा होता, त्यामुळे खोलीच्या पुढे आणखी एक खोली दिसायची. आरशासमोर भिंतीत बसवलेला दिवाण, त्यावर मरून मखमल. भिंतीलाच जोडलेलं घडीचं जेवणाचं टेबल. कपाटात जाड जाड पुस्तकं. टीव्ही. लाल रंगाचा टेलिफोन! परळला अख्ख्या चाळीत टेलिफोन नव्हता. मी दिवाणावर टेकले, आरशात बघितलं, आणि आरशातल्या बाईला ते घर फार शोभत होतं.

साइट ऑफिसात टाय लावलेला एक माणूस बसायचा. गिऱ्हाइकाप्रमाणे हिंदी, गुजराती, मराठी असं काहीही बोलायचा.

"भाभी, हा तर सॅम्पल आहे. शो के लिए. वरचा घ्या ना, सेम टू सेम करून देतो."

"सेम टू सेम नको. हाच द्या. फर्निचरसकट."

तो हसला. माझी टिंगल करत होता हे मला कळायला पाहिजे होतं. पण मी त्या वेळी मनात हिशेब करत होते की बघा, कसा पेचात पकडला ह्याला. तो बिल्डरशेठला विचारून आला. शेठ तयार होते. फक्त एक अट होती. बिल्डिंगीतली शेवटची खोली विकली जाईपर्यंत दर रविवारी हा फ्लॅट गिऱ्हाइकांना बघायला खुला ठेवायचा. आणि तोवर आतलं काही हलवायचं नाही, एक खिळासुद्धा नाही.

"रोज नाही ना?" ह्यांनी विचारलं.

"फक्त संडे, साहेब. आणि किती दिवस? दिवाळीपर्यंत सगळं सेल."

"अहो, आपलं घर लोक बघायला येणार," मी ह्यांच्या कानात म्हटलं. मला तो मान वाटला! आज हे लिहिताना सुद्धा त्या बाईच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते.

सासूबाईंना घर दाखवायला नेलं नाही. गुडघे दुखतात, कशाला दगदग, असं मी म्हटलं. खरं कारण असं की त्या काहीतरी साधा प्रश्न विचारतील आणि मला उत्तर येणार नाही, ही भीती होती. परळची खोली त्यांच्या नावावर होती. सासरे गिरणीत होते, त्यांच्यामागे ती खोली त्यांनी एकटीनं राखली होती. ती मोडूनच हे घर येणार होतं. त्यांनी अंगठा उठवला आणि शाई पुसत एवढंच विचारलं, "मला पडाय जागा हाय ना गो?"

"आई, दिवाण आहे! मखमलीचा!"

राहायला गेलो त्या संध्याकाळी एकेक गोष्ट उघडी पडायला लागली. पुस्तकं म्हणजे पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाठी होत्या. टीव्ही म्हणजे पुढची काच आणि मागे पोकळ खोकं. टेलिफोनला वायर नव्हती, आणि मी तर माहेरी पत्रात कळवून बसले होते की आमच्याकडे फोन आलाय. न्हाणीघराला दारच नव्हतं. दार लावलं की खोली लहान दिसते म्हणून पडदा सोडलेला. नळ फिरवला की नुसता फिरायचा. बाकी सगळं ठीक, पण संडासाचं भांडं खालच्या पाइपला जोडलेलंच नव्हतं. ते जोडून मिळेपर्यंत आम्ही मजुरांच्या पत्र्याच्या संडासात गेलो. सासूबाई छत्री घेऊन जायच्या. पावसासाठी नव्हे. पत्र्याला वर छप्पर नव्हतं आणि आजूबाजूच्या सांगाड्यांवर माणसं काम करत असायची.

आणि दिवाण. दिवाणाचं रहस्य पहिल्याच झोपेला कळलं. खोली मोठी दिसावी म्हणून सुताराकडून सगळं फर्निचर थोडं थोडं लहान करून घेतलेलं. टेबल लहान, कपाट लहान, दिवाण लहान. आमचे हे त्यावर आडवे झाले तर पोटऱ्यांपासून पुढचा भाग पायाकडच्या उभ्या फळीवरून बाहेर. सासूबाई तशा उंच बाई. कोकणातल्या मोकळ्या अंगाच्या. त्या कुशीवर वळल्या, गुडघे पोटाशी घेतले आणि म्हणाल्या, "मखमल ग्वाड हाय."

त्यांना खाली घ्यावं तर खाली दिवाण आणि टेबल यांच्यामधली पट्टी तेवढी मोकळी होती, तिच्यात आम्ही नवरा-बायको आणि लहान मुलगी. दिवाणाची पायाकडची फळी काढावी तर खिळा हलवायचा नाही. कराराचा कागद मीच तर मोठ्या दिमाखात वाचून घेतला होता.

मग सुरू झाले रविवार.

सकाळी उठून स्टोव्ह, डबे, बादल्या, वाळत घातलेले कपडे, टँकरच्या पाण्याचे डबे, सगळं दिवाणाखाली आणि माळ्यावर कोंबायचं. मखमल झटकायची. आरसा वर्तमानपत्रानं पुसायचा. प्लास्टिकची द्राक्षं टेबलावर. मुलीला खाली पिटाळायचं. सासूबाईंना चांगलं लुगडं नेसवून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवायचं. मी स्वतः कडक इस्त्रीची साडी, ओठांना हलकीशी लाली. मग जिन्यावर पावलं वाजायची आणि मी दार उघडायची, जणू आम्ही कुठेतरी बाहेर निघालो होतो आणि हे पाहुणे आयत्या वेळी आले.

मला बोलता येतं हा शोध मला तिथे लागला. मराठी माणसाशी मराठी, बाकीच्यांशी माझं हिंदी. "आईए ना बेन, हवा बहुत आता है. पाणी का तो बात ही मत करो." हे शेवटचं खरंच होतं. गुजराती बायका पडदा चाचपायच्या, मारवाडी शेठ ओट्यावर टकटक करायचे, लहान पोरं टेलिफोन उचलून "हॅलो हॅलो" करायची आणि मी पटकन म्हणायची, "लाइन आज खराब है." टायवाला दारात उभा राहून कौतुकानं बघायचा. "भाभी, आप तो हमारी हिरोइन हो." हिरोइन! मी अख्खा आठवडा त्या शब्दावर काढायची. ऑफिसातनं दमून आलेल्या नवऱ्याला सांगायची की रविवारी माझ्यामुळे वरच्या दोन गेल्या. ते भाकरी मोडत म्हणायचे, "आपल्याला कमिशन देतो का तो?" मग मला राग यायचा. तो देत नव्हता म्हणून नव्हे, ह्यांना कलेची कदर नव्हती म्हणून.

दिवाळी आली, गेली. बिल्डिंग अर्धीसुद्धा भरली नव्हती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी उठायला गेल्या आणि हात हलेना. डॉक्टरांनी औषधं दिली, मालीश सांगितली, आणि ह्यांना बाजूला घेऊन जे सांगितलं ते ह्यांनी मला कित्येक दिवस सांगितलं नाही. बाई अंथरुणाला खिळल्या. अंथरूण म्हणजे तो दिवाण. अखडलेला पाय तसाच अखडून राहायला लागला, कारण सरळ करायला पुढे फळी. आणि समोर भिंतभर आरसा. दिवसभर त्यांनी काय बघायचं, तर स्वतःला. एकदा म्हणाल्या, "त्या म्हातारीला सांग गो, तिकडं तोंड कर." चेष्टाच करत होत्या. मी आरशावर चादर टांगली. रविवारी काढायची.

अशा माणसाला रविवारी कुठे ठेवायचं? वास येतो, कण्हणं येतं. पहिल्या रविवारी एक जोडपं दारातूनच परत गेलं. टायवाला माझ्याजवळ आला, मान खाली घालून.

"भाभी, बुरा मत मानना. आजीला थोडा वेळ समोरच्या खोलीत ठेवू या? रिकामीच आहे ती. शेवटी विकू."

समोरची खोली म्हणजे दाराला दार लागून असलेला फ्लॅट. आमच्याचसारखी एक खोली, पण नागडी. भिंतींना नुसतं प्लास्टर, खाली सिमेंटचा कोबा, कोपऱ्यात रिकाम्या गोणी. खिडकीला अजून काचा नव्हत्या. दिवा नव्हता, दाराला कुलूप नव्हतं. ह्यांनी आणि वॉचमननं सासूबाईंना खुर्चीवर बसवून पलीकडे नेलं, मी चटई आणि गोधडी टाकली. त्यांना खाली निजवलं तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आपल्याच घरातून आजारी माणसाला बाहेर काढायचं, गिऱ्हाइकं येणार म्हणून. मी पळतच परत आले आणि लाली लावली.

दुपारी गिऱ्हाइकं सरली तशी आणायला गेले. सासूबाई गाढ झोपलेल्या. उताण्या. चांगला पाय लांबच्या लांब सोडलेला, आणि अखडलेला पायसुद्धा जरा सैल पडलेला. खिडकीतून मिठागरांवरचा वारा येत होता, त्यांच्या कपाळावरचे केस हलत होते. मी हाक मारली. डोळे उघडून आधी छताकडे बघत राहिल्या.

"झाला बाजार?" त्यांनी विचारलं.

"झाला, आई. चला आता."

"आज र्‍हाऊ दे ना हितंच."

"इथे कसं राहाल? दिवा नाही, कडी नाही."

"मला दिवा कशाला गो? मी काय वाचत बसनार हाय?"

तरी उचलून नेलं. मखमलीवर, गुडघे पोटाशी.

पुढे पुढे त्या रविवारची वाट बघायला लागल्या. शुक्रवारपासून विचारायच्या, "उद्या का परवा?" शनिवारी चटई काढून ठेवायला लावायच्या. पलीकडे त्यांना झोप यायची, भूक लागायची. त्या खिडकीतून बाहेर बघत मिठागरातल्या माणसांबद्दल काहीबाही सांगायच्या, रत्नागिरीकडच्या खाजणाबद्दल सांगायच्या. कधी गुणगुणायच्याही. आठवड्याचे बाकीचे दिवस तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. ह्यांनी बिल्डरशेठकडे जाऊन रोजच्यासाठी ती खोली मागितली. आम्ही ती विकत घेऊ शकत नव्हतो, आणि विकली न गेलेली खोली शेठ कुणाला राहायला देणार? "कल को ताबा नहीं छोड़ा तो?" असं म्हणाले म्हणे. "निदान दिवाणाची फळी कापू द्या," असं ह्यांनी म्हटलं, तर शेठ म्हणाले, "एग्रीमेंट पढ़िए." करार माझाच. मी चांगला वाचलेला.

असं वर्षाहून जास्त गेलं. मी अजून दर रविवारी दार उघडत होते, पण आता ओठ नुसते रंगलेले असायचे. एका शनिवारी आरसा पुसता पुसता माझा तोल गेला. ह्यांच्या अंगावर ओरडले, "कधी सुटणार मी ह्यातून? माझं घर आहे का दुकान? मेल्या त्या खोल्या विकल्या जात नाहीत, तोवर मी काय अशीच मरू?" बोलले ते आरशाकडे तोंड करून. आरशात दिवाणावरच्या सासूबाई दिसल्या, डोळे उघडे. त्यांच्याइतकं अडकून पडलेलं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांच्यासमोर मी माझ्या सुटकेचं रडगाणं गात होते. त्यांनी विचारलं, "किती र्‍हायल्या खोल्या?"

"समोरची एकच," हे म्हणाले. "बाकी सगळ्या गेल्या."

"ती गेली की संपलं?"

"संपलं."

त्याच्या पुढच्याच रविवारी का आणखी एक-दोन रविवारांनी, आता नक्की सांगता येत नाही, दादरकडून एक जोडपं आलं. बाई चष्म्याच्या, शांत. नवरा सारखा भिंतींना बोटं लावून बघणारा. टायवाला खाली कुणाशीतरी बोलत अडकला होता. मी सुरू झाले. आरसा, पडदे, हवा, शेजारपाजार. बाई फारसं बोलेनात, म्हणून मी जास्तच बोलायला लागले. बोलता बोलता त्यांचे यजमान म्हणाले, "हे सॅम्पल झालं. विकायची ती समोरचीच ना? ती दाखवा."

मी टायवाल्याची वाट बघायला हवी होती. तो आला असता तर वॉचमनला बोलावून सासूबाईंना हलवलं असतं. पण गिऱ्हाईक हातचं जाईल ह्या भीतीनं मी पुढे झाले आणि समोरचं दार ढकललं.

सासूबाई चटईवर होत्या. जाग्या. यजमान दारातच थांबले.

"ह्या कोण?"

त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच माझी जीभ हलली नाही. ही माझी सासू आहे, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी साडीचा पदर बोटाला गुंडाळत उभी.

"मी राखनीला बसलंय," सासूबाई चटईवरूनच म्हणाल्या. "या ना. बघा. मी काय चावत नाय."

बाई हसल्या. मला एकदम धीर आला. मी म्हटलं, "बसा हं, सरबत आणते," आणि पळाले. परत आले तेव्हा यजमान जिन्याजवळ उभे होते आणि त्या चष्म्याच्या बाई सासूबाईंच्या शेजारी कोब्यावर बसलेल्या, चांगल्या साडीनिशी. मला बघून उठल्या. सरबत प्यायल्या. नवऱ्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. मग खाली जाऊन टायवाल्याला सांगितलं, घेतो.

बिल्डिंग संपली! टायवाल्यानं पेढे आणले. "भाभी, लास्ट फ्लॅट भी आपने ही बेचा." मी पेढा हातात घेऊन समोरच्या खोलीत गेले आणि सासूबाईंच्या तोंडात घातला. म्हटलं, "आई, विकली. माझ्या बोलण्याला भुलले." सासूबाईंनी पेढा चघळला. बराच वेळ चघळला. मग म्हणाल्या, "चटई गुंडाळून ठेव नीट. वाळवी लागंल."

माझ्या डोक्यात तेव्हा, आता ह्यांनी पुढचे रविवार कुठे झोपायचं, हा विचार आला नाही असं म्हणणार नाही. आला. पण मी त्याला म्हटलं, आता सुतार बोलावू, फळी कापू, आरसा काढू, सगळं करू. करार संपलाच आहे. सुतार गावाला गेला होता. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. मग त्याचं काही निघालं, मग आमचं.

सुतार यायच्या आधीच सासूबाई गेल्या. दुपारी, दिवाणावर, गुडघे पोटाशी घेतलेल्या. मी ओट्याशी होते, पाठमोरी. आरशावर चादर होती, नाहीतर कदाचित मला दिसलं असतं.

त्या एका खोलीत त्यांना ठेवायला जागा नव्हती. नवघर गावातल्या दोन बायका मदतीला आल्या होत्या, त्यांतली एक इकडे तिकडे बघत म्हणाली, "हितं कुठं निजवाची हाय?" टेबल भिंतीला स्क्रूनं पक्कं. शेवटी खाली पट्टीत चटई टाकली आणि बाकीची माणसं जिन्यात उभी राहिली. समोरच्या खोलीला आता कुलूप होतं. नवीन मालकांची वास्तू, अजून पूजा झालेली नाही, तिथे विचारायचं तरी कुणाला आणि कोणत्या तोंडानं? त्या बायकांना सासूबाईंचा पाय सरळ करताना जोर लावावा लागला. तेवढा आवाज मला आजही ऐकू येतो.

तेरावं झालं. ह्यांनी सुताराची वाट न बघता स्वतःच कुणाकडून तरी करवत आणली आणि एका दमात तो सगळा दिवाणच कापून काढला. मखमलीसकट. मी अडवलं नाही.

मग त्या चष्म्याच्या बाई आल्या, एकट्याच, खोलीची मापं घ्यायला. खिडकीत काचा बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले. सासूबाई गेल्याचं सांगितलं. त्यांनी टेप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला खालीच कळलं. फार वाईट वाटलं." शांतता मला तेव्हा झेपायची नाही. बोलायची सवय लागलेली. मी, म्हणजे ती मूर्ख बाई, हसून म्हणाली, "पण खोली तुम्हाला चांगली मिळवून दिली की नाही मी? माझ्यामुळे घेतलीत म्हणा!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही हो वहिनी, तुमच्यामुळे कुठली? तुम्ही इतकं गोड बोलत होतात की आमच्या ह्यांना संशय आला, ते तर जिन्याकडे निघाले होते. तुम्ही सरबत आणायला गेलात तेव्हा त्या आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'घे गो बाय, खोली चांगली हाय, मला हितं झोप लागते. तू घेतलीस की माझी सून सुटंल.'"